काढलेली गाठ, उरलेलं यकृत

यकृतातली कर्करोगाची गाठ पूर्ण काढली, कडा स्वच्छ निघाल्या, जखम भरली, रुग्ण आपल्या पायांनी घरी गेला. तरीही पुढच्या पाच वर्षांत अशा दहा जणांपैकी सात जणांपर्यंतच्या यकृतात पुन्हा गाठ दिसते. ‘ऑपरेशन चांगलं झालं’ आणि ‘पेशंट बरा झाला’ या दोन वाक्यांमधलं अंतर इतकं मोठं असलेले आजार फार नाहीत. हे पुस्तक त्या अंतराविषयी आहे. गाठ काढल्यानंतर कोण किती वर्षं काढेल, कोणाला पुन्हा गाठ होईल, हे त्याच्या पेशींमधली जनुकं आधीच सांगू शकतात का? गेली वीस-पंचवीस वर्षं जगभरातल्या प्रयोगशाळा या एका प्रश्नाच्या मागे आहेत. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सर्जनने काढलेला तुकडा शेवटी आमच्याच टेबलावर येतो. म्हणून या प्रश्नाकडे मी त्या टेबलावरूनच पाहते.

आधी शब्द नक्की करू. यकृताचा कर्करोग म्हणजे इथे यकृताच्या स्वतःच्या पेशींत सुरू होणारा, डॉक्टर ज्याला हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा म्हणतात तो. आतड्यातून किंवा स्तनातून यकृतात पसरलेला कर्करोग वेगळा. त्याचं गणितही वेगळं. जगभरात २०२२ मध्ये यकृतात सुरू होणाऱ्या सर्व कर्करोगांचे मिळून सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे ७ लाख ५८ हजार मृत्यू झाले. हे दोन आकडे शेजारी ठेवले की आजाराची जात कळते. शस्त्रक्रिया करता येईल अशा अवस्थेत सापडणारे रुग्ण त्यातले थोडे. या पुस्तकातली माणसं त्या थोड्यांपैकी, म्हणजे ज्यांना आशा ठेवायला जागा आहे अशी आहेत.

निरोगी यकृताचा मोठा भाग काढला तरी उरलेला भाग काही आठवड्यांत वाढून कामाला लागतो. शरीरात असं सामर्थ्य दुसऱ्या कुठल्या मोठ्या अवयवाला नाही. पण ज्याला हा कर्करोग होतो त्याचं यकृत बहुधा निरोगी नसतंच. हिपॅटायटिस बी किंवा सी हा विषाणू, वर्षानुवर्षांची दारू, नाहीतर मधुमेह आणि लठ्ठपणाबरोबर साचलेली चरबी, यांपैकी कशाने तरी ते दहा-वीस वर्षं सुजत आणि भरत आलेलं असतं. प्रत्येक वेळी भरताना थोडा व्रण मागे राहतो. व्रणांची जाळी घट्ट झाली, मधल्या पेशींचे गोळे झाले, की त्याला सिरॉसिस म्हणतात. अशा यकृतात मरणाऱ्या पेशींची जागा घ्यायला नव्या पेशी सतत विभागत असतात आणि प्रत्येक विभाजनात चुकीची शक्यता असते. सर्जन गाठ काढतो, तिच्या भोवतीचा थोडा भाग काढतो. बाकीचं यकृत, ज्याने ती गाठ घडवली, ते पोटातच राहतं. ते काढायचं तर प्रत्यारोपण करावं लागतं, आणि ते सगळ्यांना मिळत नाही.

म्हणून यकृतात गाठ ‘परत येते’ तेव्हा ती दोन वेगळ्या वाटांनी आलेली असू शकते. एक वाट जुन्या गाठीची. शस्त्रक्रियेआधीच तिच्या काही पेशी यकृताच्या बारीक रक्तवाहिन्यांत शिरून इतरत्र रुजलेल्या असतात. स्कॅनमध्ये दिसत नाहीत, सर्जनच्या बोटांना लागत नाहीत, आणि वर्ष-दीड वर्षात डोकं वर काढतात. दुसरी वाट उरलेल्या यकृताची. तिथे अगदी नवा, पहिल्याशी नातं नसलेला कर्करोग तयार होतो. तो तीन, पाच, सात वर्षांनीही येऊ शकतो. ढोबळमानाने दोन वर्षांची रेघ ओढतात: अलीकडची पुनरावृत्ती बहुतेक पहिल्या प्रकारची, पलीकडची बहुतेक दुसऱ्या. रुग्णाच्या घरच्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. पण एकीत दोष काढलेल्या गाठीचा असतो, दुसरीत उरलेल्या अवयवाचा. हा फरक लक्षात ठेवून पुढचं वाचावं. या शास्त्रातला बराचसा गोंधळ आणि बरीचशी प्रगती त्याच्याभोवतीच फिरते.

आता जनुकांकडे. शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींत जनुकांचा संच तोच असतो. यकृताची पेशी यकृतासारखी वागते, कारण त्या संचातली काही जनुकं तिथे चालू असतात, काही बंद, काही मंद. चालू जनुकापासून आरएनए तयार होतो. कुठल्या जनुकाचा आरएनए किती आहे हे मोजलं की ती पेशी त्या घटकेला काय करते आहे ते समजतं. यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. १९९० च्या दशकात मायक्रोअ‍ॅरे आले आणि एकेका जनुकाऐवजी हजारो जनुकांचं मोजमाप एका वेळी होऊ लागलं. टॉड गोलब यांच्या गटाने १९९९ मध्ये रक्ताच्या कर्करोगाचे दोन प्रकार केवळ या मोजमापावरून वेगळे करून दाखवले, आणि एकामागून एक सगळ्या अवयवांच्या गाठी या यंत्रांखाली जाऊ लागल्या.

यकृताचीही पाळी लवकर आली. जपानमधल्या यामागुची विद्यापीठाच्या इझुका आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये बारा जनुकांची यादी मांडली. ती त्यांनी ३३ रुग्णांवरून बनवली आणि दुसऱ्या २७ रुग्णांवर तपासली; त्यातल्या २५ जणांना वर्षाच्या आत यकृतात पुन्हा गाठ होईल की नाही हे तिने बरोबर ओळखलं. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या ली आणि थॉरगिअर्सन यांनी ९१ गाठी तपासल्या. अभिव्यक्तीनुसार त्यांचे दोन गट पडले आणि दोन्ही गटांच्या आयुर्मानात ठळक फरक निघाला. दोन्ही अभ्यासांनी पाहिली ती गाठ. तेच स्वाभाविक होतं. कर्करोग गाठीत आहे, तर उत्तरही गाठीतच असणार.

एक अडचण मात्र होती. आरएनए फार नाजूक. तुकडा शरीराबाहेर आला की मिनिटांच्या हिशेबाने तो तुटायला लागतो, म्हणून असे अभ्यास लगेच गोठवलेल्या ऊतींवर होत. शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी गोठवण्याची सोय आणि उणे ८० अंशांवर वर्षानुवर्षं चालणारे फ्रीझर किती रुग्णालयांत असतील? बाकी जगात तुकडा फॉर्मालिनमध्ये जातो. दुसऱ्या दिवशी त्याचे काप करून ते प्लॅस्टिकच्या छोट्या जाळीदार डब्यांत ठेवतात. डब्यावर नंबर पेन्सिलीने घालतात, कारण पुढच्या अल्कोहोल आणि झायलीनमध्ये पेनची शाई धुऊन जाते. मग पाणी काढून टाकून त्या जागी वितळलेलं पॅराफिन मेण भरतात. थंड झाल्यावर हाती येतो तो ‘ब्लॉक’. त्याचा केसाहून कितीतरी पातळ काप कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलला की स्लाइड होते. ब्लॉक मात्र कपाटात राहतो, दहा वर्षं, वीस वर्षं. फॉर्मालिनने पेशीतली प्रथिनं एकमेकांना जखडली जातात, म्हणून ऊती टिकतात. पण त्याच प्रक्रियेत आरएनएचे बारीक तुकडे होतात. त्या कपाटांतून जनुकांविषयी काही वाचता येईल असं बराच काळ कोणाला वाटत नव्हतं.

२००८ मध्ये युजिन होशिदा, गोलब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, तो मला या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यांनी तुटक्या आरएनएवरही चालेल अशी पद्धत वापरून मेणातल्या ऊतींमध्ये ६००० हून अधिक जनुकं मोजली. ३०७ रुग्णांचे नमुने घेतले. ९० टक्के रुग्णांच्या नमुन्यांतून चांगल्या प्रतीची माहिती निघाली. त्यांत चोवीस वर्षांहून जास्त काळ कपाटात पडलेले ब्लॉकही होते. एवढंच केलं असतं तरी पॅथॉलॉजी त्यांची ऋणी राहिली असती.

पण खरी गोष्ट पुढे आहे. गाठीतल्या जनुकांचा रुग्णांच्या आयुर्मानाशी भरवसा ठेवावा असा संबंध त्यांना सापडला नाही. मग त्यांनी गाठीच्या शेजारचं, कर्करोग नसलेलं यकृत तपासलं आणि संबंध तिथे निघाला. जपानमधल्या ८२ रुग्णांवरून १८६ जनुकांची यादी तयार झाली. अमेरिका आणि युरोपमधल्या २२५ वेगळ्या रुग्णांवर ती तपासली, तिथेही ती टिकली. यादीतली ११३ जनुकं चालू असली तर रुग्णाचं भविष्य बरं. यकृत आपलं रोजचं काम, रक्तातली प्रथिनं वगैरे बनवण्याचं, नीट करत असल्याची ती खूण. उरलेली ७३ वाईट भविष्याची. त्यांत सूज आणि प्रतिकारशक्तीच्या खवळलेल्या संदेशांशी संबंधित जनुकं ठळक होती. ही यादी उशिरा येणाऱ्या पुनरावृत्तीशी जुळत होती. म्हणजे काढलेल्या गाठीचा शेजार त्या गाठीबद्दल बोलत नव्हता. पोटात उरलेल्या यकृताबद्दल बोलत होता.

मग आधीच्या अभ्यासांना गाठीत उत्तर कसं मिळालं? माझ्या समजुतीप्रमाणे, कोणत्या रुग्णांना आणि कोणता प्रश्न विचारला यात त्याचं उत्तर आहे. होशिदांच्या रुग्णांच्या गाठी बहुतांशी लहान, लवकर सापडलेल्या होत्या. अशांच्या गाठीला पसरायला वेळच मिळालेला नसतो. त्यांचा जीव पुढे उरलेल्या यकृतावर अवलंबून राहतो. मोठ्या, उशिरा सापडलेल्या गाठींत पहिली दोन वर्षंच निर्णायक ठरतात आणि तिथे गाठीची स्वतःची जनुकं बोलतात. २०११ मध्ये २८७ रुग्णांवर अनेक याद्या एकाच वेळी ताडून पाहणाऱ्या अभ्यासातही गाठीतली पेशीविभाजनाची खूण आणि शेजारच्या यकृतातली वाईट भविष्याची खूण, दोन्ही आपापल्या परीने उपयोगी ठरल्या. २०१३ मध्ये तर १८६ जनुकांची तीच यादी इटलीतल्या २१६ अशा लोकांवर तपासली, ज्यांना हिपॅटायटिस सी मुळे सिरॉसिस झाला होता, पण कर्करोग झालेला नव्हता. साधारण दहा वर्षांच्या पाठपुराव्यात कोणाचं यकृत बिघडेल, कोणाला कर्करोग होईल, कोण दगावेल, याचा अंदाज तिने दिला. जिथे गाठच नाही तिथेही ती यादी बोलते, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

त्याच वर्षी फ्रान्समधून नो, झुकमन-रोसी आणि सहकाऱ्यांनी अगदी दुसऱ्या टोकाने प्रयत्न केला. शस्त्रक्रिया झालेल्या ३१४ रुग्णांच्या गाठींवरून त्यांनी फक्त पाच जनुकांचा गुणांक बनवला: टीएएफ९, आरएएमपी३, एचएन१, केआरटी१९ आणि आरएएन. शेकडो जनुकांच्या यादीपेक्षा पाच जनुकं कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत मोजता येतात, म्हणून मला या मार्गाचं फार महत्त्व वाटतं. त्यातलं केआरटी१९ तर आमच्या रोजच्या ओळखीचं. त्याचं प्रथिन, सीके१९, साध्या स्लाइडवर रंगवता येतं. एरवी ते पित्तनलिकांच्या पेशींत दिसतं. यकृताच्या गाठीच्या पेशी तपकिरी रंगल्या की ती गाठ आडदांड निघण्याची भीती असते. मायक्रोस्कोपखाली निळसर पेशींच्या पसाऱ्यात असा तपकिरी पुंजका दिसला की हात थांबतो, हे मी अनुभवाने सांगते.

इथे वाचकाला एका धोक्याची जाणीव करून द्यायला हवी, कारण वर्तमानपत्रांत ‘जनुकांवरून आयुष्य कळणार’ अशा बातम्या येतात तेव्हा तो कोणी सांगत नाही. ६००० जनुकं आणि ८२ रुग्ण असा व्यवहार आहे. शंभरात पाच वेळा योगायोगाने घडेल ते ग्राह्य धरायचं, या रूढ कसोटीने ६००० पैकी सुमारे ३०० जनुकं काही संबंध नसतानाही ‘महत्त्वाची’ ठरतील. म्हणून ज्या रुग्णांवरून यादी बनवली त्यांच्यावरच ती चालते, याला काही किंमत नाही. दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या सर्जनच्या, दुसऱ्या कारणाने आजारी पडलेल्या रुग्णांवर ती चालली पाहिजे. मिशेल्स आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये कर्करोगांवरचे सात गाजलेले अभ्यास पुन्हा तपासले, त्यांत इझुका यांचा यकृताचा अभ्यासही होता. सातपैकी पाच अभ्यासांतल्या याद्या नाणेफेकीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. २०११ मध्ये स्तनाच्या कर्करोगाबाबत तर असं दिसलं की यदृच्छेने उचललेल्या जनुकांच्या बहुतेक याद्याही आयुर्मानाशी ‘संबंधित’ निघतात, कारण पेशीविभाजनाचा वेग हजारो जनुकांवर आपली छाया टाकतो. होशिदांच्या यादीचंही दुसऱ्या गटातलं यश थोडक्यात निभावलेलं होतं. तिथे योगायोगाची शक्यता शंभरात चार होती. ती यादी मला भरवशाची वाटते, कारण नंतर वेगळ्या देशांत, वेगळ्या लोकांनी ती पुन्हा पुन्हा तपासली.

आणखी एक गोष्ट अशी, की तिच्याविषयी निबंधांत एखादंच वाक्य असतं. ब्लॉक कपाटात असून भागत नाही. त्या ब्लॉकच्या माणसाचं पुढे काय झालं हे कोणीतरी लिहून ठेवलेलं असावं लागतं. आयुर्मानाचा जो आलेख सगळे निबंध छापतात, तो १९५८ मध्ये कॅप्लन आणि मायर यांनी दिलेल्या पद्धतीचा. मृत्यू झाला की रेघ एक पायरी खाली उतरते. ज्याचा ठावठिकाणा सुटला त्याच्या जागी रेघेवर एक बारीक खूण पडते. आपल्याकडे त्या खुणांचीच गर्दी होते. उपचार मुंबईत, गाव चारशे किलोमीटरवर, दिलेला मोबाइल पुतण्याचा, आणि तो नंबर वर्षभरात बदललेला. ब्लॉकही जागेवर राहतोच असं नाही. दुसऱ्या रुग्णालयाचं मत घ्यायचं म्हणून घरचे स्लाइड आणि ब्लॉक प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून नेतात. तो त्यांचा हक्कच आहे. पण ते पाकीट परत येतंच असं नाही, आणि माहितीची साखळी तिथे तुटते. जपान आणि इटलीत जे झालं ते यंत्रांइतकंच चिकाटीने चालवलेल्या नोंदवह्यांमुळे झालं, हे मला ठासून सांगावंसं वाटतं. रुग्णालयातून फोन करून ‘बाबा कसे आहेत’ असं सहा महिन्यांनी विचारणारा कारकून हा या संशोधनाचा भागीदार आहे.

नोंदी आपल्याच हव्यात याला दुसरंही कारण आहे. होशिदांची यादी मुख्यतः हिपॅटायटिस सी झालेल्या यकृतांतून निघाली. भारतात यकृताच्या कर्करोगामागे हिपॅटायटिस बी आणि दारू आहेत, आणि मधुमेहाबरोबर येणाऱ्या चरबीचा वाटा वाढतो आहे. बी विषाणू तर सिरॉसिस नसलेल्या यकृतातही कर्करोग घडवतो, कारण तो पेशीच्या डीएनएमध्येच स्वतःला शिवून घेतो. अशा यकृताची सूज सी विषाणूच्या सुजेसारखीच बोलेल, असं गृहीत धरून चालणार नाही. आपल्याकडे बाळांना हिपॅटायटिस बीची लस देशभर २०११ पासून मिळू लागली. तिचा फायदा आजच्या पन्नाशीतल्या माणसाला नाही. त्याचं यकृत आपल्याला आत्ता वाचता आलं पाहिजे.

पण वाचून करायचं काय? भविष्य सांगणारी चाचणी त्या भविष्यात काही बदल करू देणार असेल तरच रुग्णाच्या कामाची. स्तनाच्या कर्करोगात २१ जनुकांच्या चाचणीवरून हजारो स्त्रियांची केमोथेरपी टळते. यकृताच्या बाबतीत शस्त्रक्रियेनंतर द्यायचं खात्रीचं औषध अजून हाती नाही. सोराफेनिबचा मोठा प्रयोग १११४ रुग्णांवर झाला. २०१५ मध्ये निष्कर्ष आला की पुनरावृत्ती टळत नाही. २०२३ मध्ये अ‍ॅटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब या जोडीने आशा दाखवली, पण पुढच्या पाठपुराव्यात तो फायदा टिकला नाही. मला वाटतं, या प्रयोगांत दोन वाटांचे रुग्ण एकत्र मिसळले जातात. विखुरलेल्या पेशी मारणारं औषध उरलेल्या यकृतात पाच वर्षांनी जन्माला येणारी गाठ कशी थांबवणार? त्यासाठी यकृताची सूज आणि व्रण यांनाच हात घालावा लागेल. १८६ जनुकांच्या यादीतल्या वाईट बाजूला ईजीएफ नावाचं वाढीचा संदेश देणारं जनुक होतं. तो संदेश अडवणारं एर्लोटिनिब हे फुफ्फुसाच्या कर्करोगावरचं औषध प्रयोगशाळेतल्या उंदरांना दिल्यावर त्यांच्या यकृतातले व्रण कमी झाले, गाठीही कमी झाल्या. माणसांत हे सिद्ध होणं अजून बाकी आहे, पण दिशा मला योग्य वाटते.

आणि एक विनंती. या पुस्तकातले आकडे गटांचे आहेत. ‘वाईट गटा’तली कित्येक माणसं दहा वर्षं जगतात, ‘चांगल्या गटा’तली काही दोन वर्षांत जातात. घरात कोणाची शस्त्रक्रिया झालेली असेल तर एखाद्या आलेखावर बोट ठेवून आपल्या माणसाची तारीख शोधू नये.

त्यापेक्षा आज हातात असलेला पॅथॉलॉजीचा रिपोर्ट उघडावा. जनुकांची चाचणी झालेली नसली तरी दोन्ही वाटांची माहिती त्यात बरीचशी असते. बारीक रक्तवाहिन्यांत कर्करोग शिरला होता का, मुख्य गाठीभोवती छोट्या उपगाठी होत्या का, हे पहिल्या वाटेचं. गाठीबाहेरच्या यकृतात व्रण किती, सिरॉसिस आहे का, सूज कशामुळे, हे दुसऱ्या वाटेचं. ही दुसरी ओळ रिपोर्टमध्ये नसेल तर पॅथॉलॉजिस्टकडे ती मागावी; ब्लॉक कपाटात असतो, पुन्हा पाहता येतो. हिपॅटायटिस बी असेल तर गोळी सोडायची नाही, सी असेल तर तो आता औषधाने बरा होतो, दारू पूर्ण बंद, साखर आणि वजन ताब्यात. पहिली दोन वर्षं स्कॅन दर तीन-चार महिन्यांनी काटेकोर करावेत. आणि पाच वर्षं सुखरूप गेली म्हणून तपासणी बंद करू नये. यकृतात सिरॉसिस असेल तर सहाव्या, आठव्या, बाराव्या वर्षीही दर सहा महिन्यांची सोनोग्राफी तितकीच गरजेची असते.